पात्राचं नाव काय ठेवू?

ऑनलाइन खेळांतल्या पात्रांच्या नावांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या सल्लागारांनी दिलेली उत्तरं.

प्रश्न : मी पहिल्यांदाच एका ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात उतरते आहे. चेहरा, केस, पोशाख सगळं ठरलं आणि नावाच्या चौकटीपाशी येऊन अडकले. लहानपणी वीज गेली की धाकट्या भावाला घराबाहेर नेऊन काजवे दाखवायचे. ते बघताना तो अंधार विसरायचा. माझं पात्र हीलर आहे, म्हणजे लढाईत जखमी साथीदारांना बरं करणारं. त्या आठवणीतून नाव काढता येईल का? नावं बनवून देणाऱ्या ऑनलाइन जनरेटरने दिलेली नावं भारी वाटतात, पण माझी वाटत नाहीत.

उत्तर : येईल, आणि तुमच्याकडे सामग्री उत्तम आहे. जनरेटर ठरलेल्या यादीतून सुरुवातीचा एक तुकडा आणि शेवटचा एक तुकडा उचलून जोडतो. त्यात तुमचं काहीच नसतं. म्हणून असं नाव आठवडाभरात परकं वाटू लागतं आणि लोक पात्रच टाकून देतात.

आधी नाव शोधायचं सोडा आणि कागदावर त्या आठवणीतले शब्द लिहा, पंधरा-वीस तरी. काजवा, काळोख, उजेड, लुकलुक, ओंजळ, भावाचं लाडाचं नाव, जे येईल ते. मग एकेक शब्द पात्राच्या कामाशी लावून बघा. ‘काळोख’ हा शब्द जादूटोणा करणाऱ्या वॉरलॉकला शोभेल. ‘ओंजळ’ हीलरला सुंदर आहे, पण रोमन लिपीत लिहिल्यावर परक्या माणसाला त्यातला अनुस्वारही कळत नाही आणि ळ-ही. ‘काजवा’ मात्र नेमका बसतो. जीव लहान, उजेड थोडा, पण सोबत असला की भीती जाते. हीलरचं काम याहून वेगळं काय असतं?

आता उच्चार. अर्थ तुमच्यापाशी राहतो, पण नाव रोज दुसऱ्यांच्या तोंडी असतं, म्हणून याला अर्थाइतकाच वेळ द्या. ‘काजवा’ रोमन लिपीत पाच अक्षरांत बसतो: के, ए, जे, व्ही, ए. त्यातला ‘जे’ मात्र फसवा आहे. इंग्रजी बोलणारा तो ‘जीव’मधल्या ‘ज’सारखा म्हणेल, जर्मन किंवा स्वीडिश खेळाडू ‘काय्वा’ म्हणेल आणि स्पॅनिश बोलणारा ‘काख्वा’. ‘जे’च्या जागी ‘झेड’ लिहिलं तर इंग्रजीवाला ‘काझवा’ वाचेल आणि जर्मन ‘कात्स्वा’. मराठीतला ‘काजवा’चा दंत्य ‘ज’ या दोन्हींच्या अधेमधे येतो, त्यामुळे आमचं मत ‘झेड’ला.

नावाचा नाद अर्थाच्या आधी पोचतो, हेही ध्यानात घ्या. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती देऊन, ‘टाकेटे’ यातली कुठली असेल, असं विचारलं होतं. लोक टोकदार आकृतीकडे बोट दाखवत. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘किकी’ हे शब्द घेऊन हाच खेळ मांडला आणि बहुतेकांनी ‘किकी’ टोकदार आकृतीला दिलं. क, ट, प ही व्यंजनं कडक वाटतात आणि म, ल, ब, न मऊ. ‘काजवा’ची सुरुवात कडक आणि शेवट मोकळा आहे, म्हणजे ऐकू येतो पण टोचत नाही. अगदी मऊ हवं असेल तर ‘लुकलुक’वरून ‘लुका’ सुचेल, पण ते युरोपातलं रुळलेलं पुरुषी नाव आहे. तुमचं पात्र स्त्री असेल तर लोक गोंधळतील.

नाव नक्की करण्याआधी ते वाक्यात घालून दहा वेळा मोठ्याने म्हणा: ‘काझवा, मला हील दे’. जीभ अडखळली तर एखादा स्वर बदला. मग नाव सर्च इंजिनात टाकून बघा. दुसऱ्या एखाद्या भाषेत त्याचा अर्थ अश्लील नाही ना किंवा ते एखाद्या कंपनीचं नाव नाही ना, एवढं कळलं तरी पुरे. शेवटी एक रात्र जाऊ द्या. सकाळी ते नाव न आठवता आठवलं, तर ठेवा.

प्रश्न : मला हवं ते नाव प्रत्येक खेळात आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. मागे आकडे लावणं बरं दिसत नाही. काय करावं?

उत्तर : नाव कुठल्या हद्दीत एकमेव असावं लागतं, हे आधी तपासा. ती हद्द खेळागणिक बदलते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नाव त्या-त्या रेल्मपुरतं, म्हणजे खेळाच्या त्या-त्या सर्व्हरपुरतं अडतं. दुसऱ्या रेल्मवर तेच नाव मोकळं असू शकतं, म्हणून आधी नाव शोधून मग रेल्म निवडणारे कमी नाहीत. गिल्ड वॉर्स २ मध्ये मात्र सगळ्या जगांत मिळून एकच. रायट कंपनीच्या खेळांत नाव आणि त्यामागे हॅशचं चिन्ह लावून टॅग, अशी जोडी एकमेव असावी लागते. नाव ३ ते १६ अक्षरी आणि टॅग ३ ते ५ अक्षरी. म्हणजे नाव हवं तेच ठेवून टॅग वेगळा घेतला की काम झालं, आणि तो टॅगही अर्थपूर्ण ठेवता येतो. तिथे आकडे कशाला खर्च करायचे?

दुसरं म्हणजे जागा किती मिळते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २ ते १२ अक्षरं, फक्त अक्षरं. आकडा नाही, मोकळी जागा नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये ३ ते १९, मोकळ्या जागेसह. फायनल फँटसी १४ मध्ये नाव आणि आडनाव दोन्ही द्यावी लागतात, प्रत्येकी २ ते १५ अक्षरं, पण दोन्ही मिळून २० च्या आत. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ३ ते १६, आणि अक्षरं-आकड्यांखेरीज फक्त अधोरेखेचं चिन्ह चालतं. आपलं नाव सगळीकडे एकच असावं अशी इच्छा असेल, तर यातली सर्वांत अरुंद चौकट धरा: बारापेक्षा जास्त अक्षरं नकोत, मोकळी जागा नको, आकडा नको.

नाव घेतलेलं असेल तर मागे काही चिकटवण्याऐवजी शब्दाच्या आत शिरा. एक स्वर बदला किंवा शेवटचं अक्षर गाळा. नाहीतर त्याच अर्थाचा शेजारचा शब्द घ्या. ‘वादळ’ गेलं असेल तर ‘वावटळ’, ‘झंझा’, ‘सोसाटा’ आहेत. मराठीत असे शब्द मुबलक आहेत आणि परदेशी सर्व्हरवर ते बहुधा मोकळे असतात. जिथे मोकळी जागा चालते तिथे दुसरा शब्द जोडा. त्याने अर्थ वाढतो. आकड्याने वाढत नाही.

आकडा टाकायचाच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. जन्मसाल नको. त्याचं कारण खाली एका पालकांच्या प्रश्नात आहे. आणि ८८ नको. १९८८ साली जन्मलेले कितीतरी लोक तो सहज टाकतात, पण इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर ‘एच’, आणि त्याची जोडी हिटलरच्या जयजयकाराची खूण म्हणून नवनाझी वापरतात. काही ठिकाणी एवढ्यावरून तक्रार होते.

प्रश्न : माझ्या पात्राचं नाव मी विचारपूर्वक ठेवलं, ‘अंतरिक्षयात्री’. व्हॉइस चॅटवर मात्र सगळे मला ‘अंत्या’ म्हणतात. अर्थच गेला!

उत्तर : लढाईत कुणाकडेही सहा अक्षरी नाव उच्चारण्याइतका वेळ नसतो. ज्याला नाव हाकारायचं असतं तो पहिली दोन अक्षरं घेतो आणि पुढे जातो. त्यामुळे नाव लांब ठेवायला हरकत नाही, पण पहिली दोन अक्षरं हीच हाक समजा आणि ती हाक चांगली लागते का, हे आधीच बघा. तुम्हाला ‘यात्री’ पुढे आणायचं असेल तर ‘यात्री अंतरिक्ष’ करा. मोकळी जागा चालत नसेल तर नुसतं ‘यात्री’ घ्या. चालू गटात तेवढं बदलायचं नसेल तर पहिल्याच दिवशी ‘मला यात्री म्हणा’ असं सांगा. महिनाभराने सांगून उपयोग होत नाही.

हाकेत एखादा स्वर लांबवता आला तर ती गोंगाटातूनही पोचते. २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला एक व्हिडिओ जगभर गाजला. त्यात एक खेळाडू सगळी योजना मोडून स्वतःच्याच पात्राचं नाव, लीरॉय जेन्किन्स, ओरडत शत्रूवर धावून जातो. ‘ली’मधला दीर्घ स्वर ताणता येतो म्हणूनच ती आरोळी झाली. पुढे खेळात ‘जेन्किन्स’ ही पदवीच मिळू लागली.

आणि लोकांनी दिलेलं नाव नेहमी नाकारू नका. अल्टिमा या संगणक-खेळांच्या मालिकेचे कर्ते रिचर्ड गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ म्हणून ओळखले जातात. ते नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही, किशोरवयात एका शिबिरात सोबतच्या मुलांनी त्यांच्या बोलण्यावरून पाडलेलं आहे. त्यांनी ते आयुष्यभर मिरवलं.

प्रश्न : एका खेळात देवनागरी चालते म्हणून मी ‘क्षितिज’ असं नाव ठेवलं. मला ते बरोबर दिसतं, पण मित्राच्या पडद्यावर ‘क्षतिजि’सारखं काहीतरी दिसतं आणि तिसऱ्याला नुसते चौकोन. शिवाय तीन अक्षरांचं नाव असूनही ‘फार लांब’ अशी सूचना आधी येत होती.

उत्तर : तीनही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

चौकोन दिसतात, कारण त्या खेळाच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुमच्या फोनने किंवा संगणकाने आपला फाँट वापरून वेळ मारून नेली, त्यांच्याकडे ती सोय झाली नाही. यावर तुमच्या हातात उपाय नाही.

‘क्षतिजि’ची गंमत समजून घेण्यासारखी आहे. संगणकात ‘क्षितिज’ असं साठवलेलं असतं: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, ऱ्हस्व वेलांटी, ज. वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण दाखवताना ती व्यंजनाच्या आधी उचलून ठेवावी लागते. हे उचलून ठेवायचं काम ज्या खेळाच्या इंजिनला जमत नाही, ते वेलांटी आहे तिथेच दाखवतं. मग ‘ष’ची वेलांटी ‘त’च्या डोक्यावर जाते आणि ‘त’ची ‘ज’च्या. म्हणून देवनागरीत नाव ठेवायचंच असेल तर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेलं निवडा. ‘काजवा’, ‘पालवी’, ‘सावली’, ‘आभाळ’ ही नावं कच्च्या इंजिनवरही शाबूत राहतात. दीर्घ वेलांटी आणि काना व्यंजनानंतरच येतात, त्यांना हलवावं लागत नाही.

लांबीचं म्हणाल तर आपण ‘क्षितिज’ तीन अक्षरी मानतो, पण वर मोजलीत तर चिन्हं सात आहेत. ‘श्री’ एक अक्षर, चिन्हं चार. काही खेळ चिन्हंही मोजत नाहीत, बाइट मोजतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, रोमन अक्षराला १. म्हणजे ‘क्षितिज’ २१ बाइट. मर्यादा १६ बाइटची असेल तर पाच चिन्हांपलीकडे जागाच उरत नाही. काही जुने खेळ तर सूचनाही न देता मधूनच कापतात आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं.

एक धोका याहून लपलेला आहे. ‘पऱ्या’सारख्या शब्दातला चंद्रकोरीचा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या र-ला हलन्त देऊन, किंवा साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, खेळाच्या शोधयंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. मित्राने अचूक टंकूनही तुम्ही सापडत नाही. त्यामुळे असं नाव ठेवलं असेल तर मित्रांना ते टंकायला सांगू नका, कॉपी करून पाठवा.

प्रश्न : माझं खरं नाव हर्षित. पात्रालाही तेच द्यायचं होतं, पण ‘हे नाव आक्षेपार्ह आहे’ अशी सूचना येते. यात आक्षेपार्ह काय आहे?

उत्तर : नावात काहीच नाही. दोष चाळणीचा आहे. खेळातली नावांची चाळणी बहुधा शब्दाचा अर्थ बघत नाही, अक्षरांच्या ओळीत बंदी असलेला तुकडा आहे का तेवढं बघते. रोमन लिपीत ‘हर्षित’च्या शेवटची चार अक्षरं इंग्रजीतली एक शिवी होतात. ‘दीक्षित’चीही तीच गत. हा रोग जुना आहे. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावात तसाच एक तुकडा होता. तेव्हापासून या दोषाला त्या गावाचंच नाव पडलं आहे.

उपाय म्हणजे तो तुकडा मोडा. शेवटच्या ‘आय’च्या जागी ‘ई’ दोनदा लिहा. उच्चार जवळपास तोच राहतो आणि चाळणी गप्प बसते. ‘दीक्षित’मध्ये ‘के एस एच’ऐवजी ‘एक्स’ वापरण्याची रीत तर आधीपासून आहेच. मधे आकडा किंवा चिन्ह घुसवू नका. चाळणी चुकवायला लोक तेच करतात, त्यामुळे खरी शिवी लपवल्याचा संशय येतो आणि कुणी तक्रार केली तर पुढच्या लॉगिनला नाव बदलायची सक्ती होऊ शकते.

स्वतःचं पूर्ण नाव पात्राला देण्याबद्दल आमचं मत अनुकूल नाही, पण नुसतं पहिलं नाव असेल तर हरकत नाही.

प्रश्न : ‘नॉक्टिस’ म्हणजे लॅटिनमध्ये रात्र ना? माझ्या मारेकरी पात्राला ते देतो आहे.

उत्तर : रात्र म्हणजे ‘नॉक्स’. ‘नॉक्टिस’ हे त्याचं षष्ठीचं रूप, म्हणजे ‘रात्रीचा’. ‘रात्रीचा’ हे मारेकऱ्याला उलट जास्त शोभतं, तेव्हा ठेवा. पण परक्या भाषेतलं नाव घेताना नावांच्या याद्यांवर विसंबू नका. त्या भाषेच्या शब्दकोशात मूळ शब्द आणि त्याचं रूप दोन्ही बघा. संस्कृतबद्दलही हीच काळजी घ्या. ‘कृष्णा’ असा शेवट दीर्घ केला की तो कृष्ण राहत नाही, द्रौपदी होते. रोमन लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घ कळतच नाही. ‘कमल’ लिहिलंत तरी ‘कमाल’ वाचलं जाणार.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीने एका खेळात स्वतःचं नाव आणि पुढे जन्मसाल असं यूझरनेम घेतलं आहे. तिला ते फार आवडतं. बदलायला सांगू का?

उत्तर : सांगा, पण तिच्याबरोबर बसून. तिच्या नावातून कुणालाही दोन गोष्टी फुकट मिळतात: ती मुलगी आहे आणि ती किती वर्षांची आहे. वाईट हेतूच्या माणसाला मुलं निवडताना एवढंच लागतं. तिसरी गोष्ट अशी, की तेच नाव तिने आणखी दोन ठिकाणी वापरलं असेल तर एका शोधात तिन्ही खाती जुळतात.

नवं नाव तिच्या आवडीतून यावं. आवडता प्राणी, रंग, चित्रातली गोष्ट, तिने स्वतः जुळवलेला शब्द, काहीही चालेल. शाळा, इमारत, वाढदिवस आणि घरातलं लाडाचं नाव मात्र नको. रोब्लॉक्स असेल तर तिथे दोन नावं असतात. इतरांना दिसणारं डिस्प्ले नेम दर ७ दिवसांनी फुकट बदलता येतं, पण मूळ यूझरनेम बदलायला १,००० रोबक्स (त्या खेळातलं चलन) लागतात आणि आधीची यूझरनेम प्रोफाइलवर दिसत राहतात. म्हणजे जन्मसाल बदलूनही मागे उरतं. खातं नवं असेल आणि त्यात फारसं काही साठवलेलं नसेल तर सरळ नवं खातं उघडणं बरं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी गंमत म्हणून पात्राचं नाव ‘बटाटेवडा’ ठेवलं. आज मी चाळीस जणांच्या गिल्डचा, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाचा प्रमुख आहे. नव्या लोकांना गंभीर सूचना देताना अवघडतं. बदलू का?

उत्तर : आधी गिल्डला विचारा. चार वर्षांत ते नाव त्यांच्यासाठी गंमत राहिलेलं नसतं. त्यांच्या लेखी ‘बटाटेवडा’ म्हणजे वेळेवर येणारा, भांडणं मिटवणारा माणूस. अर्थ नंतरही भरतो, आणि असा भरलेला अर्थ ठरवून दिलेल्यापेक्षा पक्का असतो. नवी माणसं पहिले दोन दिवस हसतील, पण तिसऱ्या लढाईत तुमचं ऐकतील. त्यांची काळजी करू नका.

तरीही स्वतःलाच ते नको असेल तर बदला. ते कारण पुरेसं आहे. फक्त आधी नियम बघा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ मध्ये पैसे भरून नाव बदलता येतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत फुकट, पण ३० दिवसांतून एकदा, आणि सोडलेलं नाव ३७ दिवस राखून ठेवलेलं असतं. प्लेस्टेशनवर एप्रिल २०१९ पासून आयडी बदलता येतो, पहिला बदल फुकट, पण काही जुन्या खेळांत त्यामुळे अडचणी येऊ शकतात. ईव्ह ऑनलाइनमध्ये मात्र पात्राचं नाव खेळाडूला स्वतःहून बदलता येत नाही.

बदलताना लोक हमखास एक चूक करतात: कुणाला न सांगता बदलतात. मग ओळखीच्यांना यादीत अनोळखी नाव दिसतं आणि कुणीतरी ते काढून टाकतं. पंधरा दिवस आधी गिल्डच्या सूचनाफलकावर लिहा, आणि पहिला महिनाभर स्वतःच्या टिपणाच्या रकान्यात जुनं नाव ठेवा.

प्रश्न : मी आणि माझा मित्र सात वर्षं एकाच गिल्डमध्ये खेळलो. यंदा तो गेला. त्याच्या पात्राचं नाव माझ्या नव्या पात्राला द्यावंसं वाटतं. देऊ का?

उत्तर : तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. घाई नको, एवढं आधी सांगतो. का, ते पुढे येईलच.

त्याचं पात्र अस्तित्वात आहे तोवर जिथे नाव एकमेव असावं लागतं तिथे ते तुम्हाला मिळणार नाही. काही कंपन्या दीर्घकाळ बंद असलेल्या पात्रांची नावं कधीतरी मोकळी करतात, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हे झालेलं आहे. तेव्हा ते कुणा अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतं. त्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक असला तरी त्याच्या खात्यात शिरू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत खातं दुसऱ्याने वापरायला मनाई असते आणि चांगल्या हेतूनेही खातं बंद पडू शकतं. त्याच्या घरच्यांनी कंपनीच्या मदत विभागाला लिहावं, हा मार्ग खुला आहे.

नाव मिळण्याजोगं असलं तरी एक गोष्ट डोळ्यांपुढे आणा. तुम्ही लॉगिन कराल त्या क्षणी गिल्डमधल्या सगळ्यांच्या पडद्यावर ओळ उमटेल: अमुक ऑनलाइन आला. सात वर्षं ती ओळ बघितलेल्या माणसांना काय होईल, याचा विचार करा. म्हणून गिल्डला आधी विचारा, आणि एकाने जरी नको म्हटलं तरी थांबा.

पूर्ण नावाऐवजी त्याचा एक धागा घेता येतो. फायनल फँटसी १४ मध्ये त्याचं नाव तुमच्या पात्राचं आडनाव होऊ शकतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हंटर, म्हणजे शिकारी पात्र असाल तर सोबतच्या प्राण्याला ते नाव द्या, ईव्ह ऑनलाइनमध्ये जहाजाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकच्या हार्डकोअर रेल्मवरच्या पात्राला मात्र ते कधीही देऊ नका. तिथे पात्र एकदा मेलं की कायमचं जातं.

अशी नावं राहतात, हे तुम्हाला ठाऊक असावं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या शॅट्रथ शहरात केली डॅक नावाची रात्र-एल्फ हंटर भेटते. ते २००७ मध्ये ल्युकेमियाने गेलेल्या एका खेळाडूचं पात्र, कंपनीने कायमचं तिथे उभं केलेलं. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या असाध्य आजाराने २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकटा पडला असं आईवडील समजत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी लिहिली आणि अनोळखी लोकांचे ईमेल येऊ लागले. ते सगळे त्याला मॅट्स म्हणून नव्हे, ‘इबेलिन’ या पात्राच्या नावाने ओळखत होते. त्यातले काही त्याच्या अंत्यविधीला आले.

एवढं मात्र लगेच करून ठेवा. गिल्डच्या यादीतलं त्याचं नाव, शेवटचं ऑनलाइन दिसल्याची नोंद आणि तुमच्या दोघांचे एकत्र स्क्रीनशॉट दोन ठिकाणी जपा. बरीच गिल्ड्स बंद पात्रं ठरावीक काळाने यादीतून काढतात, तेव्हा प्रमुखांना सांगून त्याचं नाव त्या सफाईतून वगळा. आणि त्याने ते नाव का ठेवलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं असेल तर ते लिहून त्याच्या घरच्यांना द्या. त्यांना बहुधा ते ठाऊक नसतं.